शस्त्र गेले, पवित्रा राहिला

दिवाळीच्या आठवड्यात मुंबईच्या उपनगरांतून एक फेरफटका मारावा. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत, इमारतीच्या आवारात मोटारींनी चार हात जागा सोडली असेल तिथे पोरांनी किल्ला उभारलेला दिसेल. माती रोपवाटिकेतून विकत आणलेली, दगड कुठल्यातरी चालू बांधकामावरून उचललेले, तटावर अळीव पेरून केलेली हिरवळ आणि बुरुजाबुरुजावर ढालतलवारीचे मावळे. किल्ला पुरा झाला की हीच पोरे हातपाय धुऊन फराळाची ताटली मांडीवर घेतात आणि टी. व्ही.च्या पडद्यापुढे दुसरी लढाई मांडून बसतात. तिथे एक जपानी सामुराई आणि एक जर्मन सरदार समोरासमोर उभे ठाकलेले असतात. पोरांचे अंगठे कळांवर नाचू लागतात, पडद्यावर तलवारी खणाणतात, आणि स्वयंपाकघरातून आवाज येतो, "सणासुदीची ही कसली रे मारामारी?"

प्रश्न रास्त आहे. ज्या पोराने उभ्या जन्मात भाजी चिरायची सुरीही नीट धरलेली नाही, त्याला तलवारीच्या द्वंद्वाचे एवढे वेड का लागावे? शाळेतल्या नोकरीत पोरांच्या पुष्कळ वेडांशी माझा परिचय झाला. क्रिकेटचे वेड कळते, पतंगाचे कळते. पण हे वेड आजचे नाही, जपानचेही नाही, आणि त्याची मुळे आपल्या पायांखालच्या जमिनीत बरीच खोल गेली आहेत, असे मला वाटते. म्हणून स्वयंपाकघरातल्या त्या प्रश्नाचे उत्तर आपण इतिहासात शोधू.

प्रथम हा खेळ आहे तरी काय ते पाहू. व्हिडिओ गेम म्हटले की वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे धडाधड गोळ्या झाडणारे शिपाई येतात. पण त्यांत शस्त्रांच्या द्वंद्वाची एक निराळी जात आहे. १९९३ साली जपानच्या एस. एन. के. कंपनीने 'सामुराई शोडाउन' नावाचा असा खेळ काढला. १९९५च्या अखेरीस नामको ह्या दुसऱ्या जपानी कंपनीचा 'सोल एज' आला आणि १९९८ साली त्याच्या पुढचा 'सोलकॅलिबर'. त्याचा सहावा क्रमांकाचा भाग २०१८ साली निघाला. ह्यांत सैन्य नाही, किल्ला नाही. एक रिंगण आणि त्यात दोन योद्धे, एवढाच सरंजाम. एकाच्या हाती लांब तलवार, दुसऱ्याच्या हाती ढाल आणि आखूड तलवार. कोणी काठीबहाद्दर, तर कोणाची तलवार चाबकासारखी उलगडणारी. कथेचा काळ सोळाव्या शतकाच्या अखेरचा, आणि सगळ्यांची धडपड एका शापित तलवारीसाठी.

त्यातल्या मित्सुरुगी नावाच्या सामुराईची कथा मोठी बोलकी आहे. हा तलवारीचा वाघ. त्याच्या काळात जपानात बंदुका आल्या आणि एका बंदूकधाऱ्यापुढे त्याला हार खावी लागली. तेव्हापासून बंदुकीवर मात करील अशी तलवार शोधत तो जगभर हिंडतो. कथा कल्पित आहे. दुःख मात्र कल्पित नाही. ते पुढे आपल्याला आपल्या घरच्या इतिहासातही भेटणार आहे.

आणखी एक गंमत. ह्याच खेळात व्होल्डो नावाचा एक विक्षिप्त इटालियन पहारेकरी आहे. त्याच्या दोन्ही हातांत जी शस्त्रे आहेत ती चक्क आपल्या कट्यारी आहेत, आणि त्यांची नावे मानस आणि आयुस! आडवी मूठ पकडून ठोशासारखी पुढे खुपसायची ती ही कट्यार. तिच्या एका प्रकाराला जुन्या काळी जमधर म्हणत. जपानी कलावंताने इटालियन माणसाच्या हाती हिंदुस्थानी कट्यार दिली, आणि ती कांदिवलीच्या पोराने चालवली. शस्त्रांना देशाच्या सीमा फारशा ठाऊक नसतात हे खरेच.

हा खेळ थोडा वेळ लक्ष देऊन पाहावा. पहिल्या पाच मिनिटांत नुसता गोंधळ दिसतो. मग हळूहळू ध्यानात येते की ह्याला व्याकरण आहे. वार दोन जातींचे, उभा आणि आडवा. उभा वार जड, पण समोरचा बाजूला सरकला की फुकट जातो. आडवा वार बाजूला सरकणाऱ्याला गाठतो, पण तो वरून जाणारा असेल तर खाली बसून चुकवता येतो. लांब शस्त्र दुरून पोचते, पण एकदा फिरवले की पुन्हा आवरायला वेळ लागतो. तेवढ्यात आखूड शस्त्रवाला आत शिरतो. म्हणजे लांबीची किंमत वेळात मोजावी लागते. आलेला वार नेमक्या क्षणी झटकून लावला तर मारणाराच उघडा पडतो. आणि रिंगणाबाहेर पडला तो हरला, मग अंगात कितीही दम असो.

कोल्हापूरच्या एखाद्या वस्तादाला हे सांगितले तर तो मिशीत हसेल आणि म्हणेल, "ह्यात नवे ते काय?" मर्दानी खेळांत हीच विद्या आहे. फरी-गदक्यात डोक्यावरचा वार तो शीर, कमरेवरचा तो कमर, गालाच्या बाजूचा तो तमाचा आणि त्याच्या उलट्या अंगाचा तो बाहेरा. प्रत्येकाला नाव, प्रत्येकाची अडवणूक ठरलेली. लाठीचा हात निराळा, भाल्याचा निराळा, पट्ट्याचा तर सर्वस्वी निराळा. पट्ट्याचे पाते लांब आणि लवचिक. त्याचा लोखंडी खोबळा हातावर चढवला की मनगट जखडून जाते आणि मग तलवारीसारखा मनगटाचा चाळा चालत नाही. खांद्यापासून सारा हात, किंबहुना सारे अंगच फिरवावे लागते. म्हणून पट्टेवाला लढताना नाचल्यासारखा दिसतो. शस्त्र बदलले की माणसाची चाल बदलते, स्वभावही बदलतो. पडद्यापुढचे पोर अर्धा तास 'मी कोण होऊ?' म्हणून शस्त्रे निवडत बसते, त्यातले रहस्य हेच. ते आपल्या स्वभावाला बेतेल असे हत्यार शोधत असते.

पण हे झाले खेळातले. खरे द्वंद्व कसे असते, हे पाहायला बोरिवलीच्या पोरांनी फार लांब जायला नको. पश्चिमेला एक्सर नावाचे जुने गाव आहे. आज ते इमारतींत बुडून गेले आहे, पण तिथे जुन्या वीरगळांची एक ओळ आहे. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा. ह्या शिळांवर आडवे पट्टे पाडून चित्रे कोरलेली आहेत, आणि ती खालून वर वाचायची असतात. खाली लढाई, त्यात वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबतेसुद्धा दिसतात. हे दृश्य महाराष्ट्राच्या वीरगळांत विरळा. देवगिरीच्या महादेव यादवाने उत्तर कोकणच्या सोमेश्वर शिलाहाराचा समुद्रात पाडाव केला, त्या १२६५च्या सुमाराच्या युद्धाशी ह्या शिळांचा संबंध पुष्कळ अभ्यासक जोडतात. काहीजण त्या त्याहूनही जुन्या मानतात. लढाईच्या वरच्या पट्ट्यांत पडलेल्या वीराला अप्सरा नेताहेत, आणि सर्वांत वर तो शिवाच्या सान्निध्यात पोचला आहे.

पोरांना हे दाखवले तर ती पटकन म्हणतील, "ह्यालाही लेव्हल आहेत!" म्हणू द्यावे. मांडणी खरोखरच तशी आहे, एकावर एक चढत जाणारी. फरक एवढाच की वीरगळावरचा माणूस खालच्या पायरीवर एकदाच मरतो. 'पुन्हा खेळा' अशी कळ त्या दगडावर कुठेही कोरलेली नाही. ज्या आईने किंवा बायकोने ती शिळा पुढच्या पट्ट्यातल्या अप्सरांकडे बघत पाहिली असेल, तिच्या मनात काय आले असेल ते कोरायला पाथरवटाने जागा ठेवलेली नाही.

ही भूमी त्यानंतरही लढाया पाहत राहिली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सारी गावे साष्टी बेटावरची. सोळाव्या शतकात हे बेट पोर्तुगीजांकडे गेले. १७३७ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, आणि दोन वर्षांनी, १७३९च्या मे महिन्यात, वसई पडली. वसईचा तट सुरुंग लावून फोडावा लागला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तोवर तलवारीचा जमाना संपत चालला होता. दारू आणि तोफ ह्यांची सद्दी सुरू झाली होती. १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे जिंकून साष्टी घेतली, आणि हे बेट पुन्हा मराठ्यांच्या हाती आले नाही.

तलवारीच्या जमान्याचा आपल्या स्मरणातला परमोच्च क्षण म्हणजे १० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखान पडला आणि त्याचा सय्यद बंडा महाराजांवर धावून गेला. त्या पळभरात जिवा महालाने पुढे होऊन त्याला कापला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण त्या पळाची. जिवा महाला पट्ट्यात तरबेज होता अशी परंपरा आहे. विचार करा: मुलुखाचे दैव एका माणसाच्या हाताच्या चपळाईवर येऊन ठेपले होते. तोफेच्या लढाईत असे क्षण नसतात. तोफेचा गोळा कोणी डागला आणि कोणाला लागला, ह्याचा पत्ता दोघांनाही नसतो. पट्ट्याच्या लढाईत मारणाऱ्याने मरणाऱ्याचे डोळे पाहिलेले असतात.

१८१७च्या ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि १८१८ साली पेशवाई बुडाली. खडकीत पडलेल्यांमध्ये राघोजी साळवे नावाचा एक शूर मातंग वीर होता. त्याचा मुलगा लहुजी तेव्हा ऐन विशीतला. बापाकडून शिकलेली लाठी, पट्टा, तलवार त्याच्या हातात होती. पण लढायला राज्य उरले नव्हते. मित्सुरुगीने बंदुकीवर मात करणारी तलवार शोधत पृथ्वी पालथी घातली. लहुजीने काय केले? त्याने पुण्यात तालीम घातली, साल १८२२. ज्याची तलवार निरुपयोगी झाली होती त्याने ती विद्या दुसऱ्यांच्या पोरांना शिकवायला घेतली. सगळी पुढची कथा ह्या एका निर्णयात आहे असे मला वाटते. जोतिराव फुले ह्या तालमीत दांडपट्टा शिकले. १८७९ साली इंग्रजांविरुद्ध बंड उभारणारे वासुदेव बळवंत फडकेही लहुजींचे शागीर्द. तालमीच्या लाल मातीत जात धुऊन जाते असे म्हणतात. निदान ह्या आखाड्यात तरी मातंग वस्तादाच्या हाताखाली माळ्याचे आणि ब्राह्मणाचे पोर शिकले. पट्टा शिकलेल्या जोतिरावांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली आणि पुढे सारे आयुष्य वार झेलले ते शब्दांचे. पवित्रा मात्र ढळू दिला नाही.

आता दोन सालांकडे पाहा. १८७६ साली जपानच्या सरकारने हुकूम काढला की सैन्य आणि पोलीस ह्यांखेरीज कोणी कमरेला तलवार लावून हिंडू नये. शतकानुशतके दोन तलवारी मिरवणारे सामुराई एका रात्रीत रिकाम्या कमरेचे झाले. दोनच वर्षांनी, १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या राजवटीत हिंदुस्थानात हत्यारांचा कायदा झाला आणि परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. तिकडे आपल्याच सरकारने, इकडे परक्याने; पण घडले ते एकच. शस्त्र माणसाच्या हातातून काढून घेतले गेले.

आणि दोन्ही देशांत हातांनी तीच युक्ती केली. खोटे शस्त्र घेतले आणि विद्या जपली. जपानात बांबूच्या कामट्यांची तलवार आणि अंगावर चिलखत घालून सराव करण्याची रीत पूर्वीच रूढ झाली होती. तिलाच पुढे केंदो हे नाव मिळाले. आपल्याकडे फरी-गदका होता: गदका म्हणजे चामड्याने मढवलेला दंडुका आणि फरी म्हणजे लहानशी ढाल. बोथाटी तर त्याहून मजेदार. भाल्याच्या टोकाला पाते काढून कापडाचा गोळा बांधायचा आणि तो रंगात बुडवायचा. घोड्यावरून झुंज झाली की कोणाला किती वार लागले ते अंगरख्यावरच्या डागांवरून मोजायचे. रक्ताच्या जागी रंग! युरोपातही तेच झाले. तिथल्या तलवारीचे टोक बोथट करून तिचा खेळ झाला आणि १८९६च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये तो खेळला गेला. पुढे टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, भवानी देवी ही तमिळ मुलगी तलवारबाजीत उतरली. ह्या खेळात ऑलिंपिक गाठणारी ती पहिली भारतीय.

तात्पर्य असे की शस्त्र रणांगणातून बाहेर पडले की ते खेळात शिरते. ते रणांगणात असते तोवर त्याचा सराव होतो, कवायत होते. पण निव्वळ खेळ म्हणून त्याच्यावर माणूस जीव लावतो तो बहुधा ते हातातून गेल्यावर. केंदोच्या देशात 'सोलकॅलिबर' जन्माला आला ह्यात नवल नाही. बांबूच्या तलवारीपुढची ती आणखी एक पायरी आहे. आधी पात्याची धार गेली, मग पातेच गेले, आता वजनही गेले. उरली ती चाल, डाव आणि नजर.

आपल्याकडे ही विद्या तगली त्याचे श्रेय तालमींना आणि ध्यास घेतलेल्या काही माणसांना. बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिर आणि प्रोफेसर माणिकराव. त्याच बडोद्यातून दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत काढला. कुस्ती-मल्लखांबापासून लाठी-पट्ट्यापर्यंतची विद्या कागदावर उतरवण्याचा तो अचाट उद्योग होता. अमरावतीत वैद्यबंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापले आणि १९३६ साली त्या मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला उदार आश्रय दिला, खासबागेचे मैदान बांधले, आणि त्या गावच्या तालमींनी कुस्तीबरोबर मर्दानी खेळही सांभाळला. आज आमच्या उपनगरांत शिवजयंतीला किंवा पाडव्याच्या शोभायात्रेत लाठी आणि पट्टा फिरतो तो ह्या माणसांच्या पुण्याईवर. त्यात आता नऊवारी नेसलेल्या मुली असतात, आणि त्यांचा पट्टा फिरू लागला की रस्त्यावरची गर्दी आपण होऊन चार पावले मागे सरते.

पण विद्येचे सर्वांत मोठे कोठार तालमीत नाही, ते आपल्या जिभेवर आहे. हिशेब करून पाहा. सासू-सुनेच्या बोलण्यात दोघींपैकी एक 'पवित्रा' घेते. वकील 'हूल' देतो. नवरा चिडला की बायको आईला 'ढाल' म्हणून पुढे करते. शेजारीण भांडायला लागली की तिच्या तोंडाचा 'पट्टा' सुटतो. पुढारी एकमेकांवर 'वार' करतात, टीका 'वर्मी' लागते, प्रकरण 'हातघाईवर' येते, मग कोणी शहाणा माणूस तलवारी 'म्यान' करायला सांगतो. आणि एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे आपण ऑफिसातल्या दोन साहेबांकडे पाहून म्हणतो. ज्यांनी आयुष्यात म्यान पाहिलेले नाही ती माणसे हे बोलतात आणि ऐकणाऱ्याला अर्थ विचारावा लागत नाही. खंडेनवमीला आपण शस्त्रे पुजतो. घरात शस्त्र नसले तर शिंपी कात्री पुजतो, सुतार पटाशी पुजतो, शाळेत पाटी पुजली जाते, आणि हल्ली संगणकालाही झेंडूची माळ चढते. हात रिकामा झाला तरी हाताची आठवण काही रिकामी होत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ह्या खेळाची ओढ कशाची? रक्ताची नव्हे, हे मी पोरांचे चेहरे पाहून सांगतो. रक्ताचीच हौस असती तर बंदुकीचे खेळ पुरले असते. ह्या खेळात दोघांची ताकद सारखी मापून दिलेली असते, रिंगण सारखे असते, आणि समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखावे लागते. तो उभा वार घालणार की आडवा? आत शिरणार की हूल देणार? बोरिवलीहून चर्चगेटला जाणाऱ्या गाडीत माणसे तासभर एकमेकांच्या अंगावर अंग टाकून उभी असतात, आणि कोणी कोणाचा चेहरा पाहत नाही. अशा शहरातल्या पोराला कोणीतरी समोर हवा असतो, जो फक्त त्याच्याचकडे पाहतो आहे. द्वंद्वात तो मिळतो. जुन्या योद्ध्याला तलवार गेल्याचे जे दुःख झाले तेही बहुधा हेच होते: समोर माणूस उरला नाही.

म्हणूनच मला ह्या खेळाचा राग येत नाही. मात्र तालमीपाशी त्याची तुलना केली की एक उणीव डोळ्यांत भरते, आणि ती लहान नाही. मर्दानी खेळात लिंबू कापण्याचा एक प्रकार आहे. एक गडी हाताच्या तळव्यावर लिंबू ठेवून उभा राहतो. दुसरा धारदार पट्टा फिरवत येतो, आणि लिंबाची दोन शकले होऊन पडतात; तळव्याला ओरखडा नसतो. कधी कधी पट्टेवाल्याच्या डोळ्यांवर पट्टी असते. पाहणारे कापलेल्या लिंबाला टाळ्या देतात. खरी टाळी न कापलेल्या तळव्याला द्यायला हवी. लिंबू कोणीही कापील. लिंबाखाली जे आहे तिथे थांबणे ही विद्या, आणि तिला बारा-बारा वर्षे लागतात. वस्ताद पोराला मारायला एका वर्षात शिकवतो. उरलेला सगळा काळ जातो तो हात आवरायला शिकवण्यात.

पडद्यावरचा खेळ वार शिकवतो, बचाव शिकवतो, संयमही थोडा शिकवतो. आवरणे शिकवत नाही. तिथे थांबण्याचे काम यंत्र करते. समोरच्याची शक्ती संपली की डाव आपोआप मिटतो. तळवा नाहीच, तर जपणार काय? त्यातून पोर एकटे यंत्राशी खेळत असले तर समोर माणूसही नाही. मग ज्या ओढीने ते तिथे गेले तीच भागत नाही, आणि ते पुन्हा पुन्हा कळ दाबत राहते. पोर हा खेळ खेळते ह्याची चिंता आईबापांनी करू नये. ते कोणाबरोबर खेळते, एवढे मात्र पाहावे. दोन पोरे एका सतरंजीवर बसून खेळताना, हरणारा रुसताना आणि जिंकणारा त्याला आपल्या ताटलीतली चकली देताना दिसली, तर खुशाल समजावे की तालीम चालू आहे.

सरकारदरबारीही जुन्या शस्त्रांना सध्या बरे दिवस आले आहेत. २०२४ सालच्या शिवजयंतीला दांडपट्टा महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला. त्याच साली लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यास आली. ती महाराजांचीच का, ह्याची खात्री ते संग्रहालयही देत नाही, तरी लोक रांगा लावून पाहायला गेले. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळींनी २०२० साली 'राजी' नावाचा व्हिडिओ गेम काढला. त्यात भावाला सोडवायला निघालेल्या मुलीच्या हाती त्रिशूळ आणि धनुष्य आहे. उद्या कोणी लहुजींचा पट्टा पडद्यावर आणील. अवश्य आणावा. फक्त त्यात एक डाव लिंबाचाही ठेवावा, आणि तळव्याला खरचटले तर खेळणारा हरला, असा नियम करावा.

तोवर ह्या सुट्टीत एक सकाळ काढून पोरांना एक्सरला न्यावे. त्यांना शिळेचा तळचा पट्टा आधी दाखवावा, मग वरचे. आणि ती निघताना त्यांना तालमीची एक जुनी रीत सांगावी. झुंज लागण्यापूर्वी दोघे मातीला हात लावून कपाळी नेतात आणि एकमेकांना सलामी देतात. झुंज संपल्यावर पुन्हा सलामी. वीरगळावरच्या माणसाला दुसरी सलामी मिळाली नाही. तालमीतल्या माणसाला ती रोज मिळते, आणि तेवढ्यासाठीच आपल्या वाडवडिलांनी शस्त्राचा खेळ केला.